खळ्यावरची पागा

२६ फेब्रुवारी

बारा फूट बाय बारा फूट — एका घोड्याला! दुपारभर तेच डोक्यात. तीस वर्षं कळवा, दिवा, डोंबिवलीत बिल्डिंगींचे नकाशे काढले, पण बेडरूमला एवढी जागा कधी दिल्याचं आठवत नाही. बिल्डर देऊच देत नाहीत.

काम काळुरामशेठचं. शीळफाट्याच्या आत त्यांची वडिलोपार्जित जमीन. बरीचशी टॉवरखाली गेली, उरलेल्या तुकड्यावर हौस म्हणून तीन घोडे पाळलेत. सध्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. शेठ म्हणाले, “सुधीरसायेब, तबेला नाय बोलायचं. तबेला म्हशींचा. आपल्याला स्टेबल पायजे — काच, एसी, मधी एक झुंबर. एकदम रॉयल!” मी मान हलवली आणि वहीत ‘पागा’ असं लिहिलं. जुना शब्द बरा आहे.

तिघांत शेवंती म्हणून एक तांबूस घोडी आहे, कपाळावर पांढरा ठिपका. मी जवळ गेलो तर माझा खिसा हुंगत बसली. त्यात फक्त पेन होतं. आवडली मला.

४ मार्च

आठवडाभर वाचतोय. दमट उकाड्यात घोड्याला एकच गोष्ट हवी — वाहती हवा. छप्पर उंच, चौदा फूट तरी. माथ्यावर सबंध लांबीची फट, म्हणजे तापलेली हवा आणि मुताचा उग्र वास वरच्या वर निघून जाईल. भिंती छातीपर्यंत, वर लाकडी जाळी. समोरासमोर मोकळं. साधं आहे सगळं, आणि प्रमाणं जमली की तेच देखणं दिसतं. एसी मी एका वाक्यात उडवला — “शेठ, लाईट गेली तर?” झुंबरावर अजून वाद चालू आहे.

संध्याकाळी जयाला नकाशा दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. पोळ्या लाटत होती, घामाने निथळत. “मग बघते हो, आधी इथून बाहेर पडू दे,” म्हणाली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, समोर हातभरावर भिंत. ही बिल्डिंग माझ्याच हातची, उमेदीच्या काळातली. नियमात बसते.

१९ मार्च

जागेवर पागा आखली, नैर्ऋत्येकडे तोंड करून. हवामानाचे आकडे काढून ठेवलेत, वारा तिथूनच येतो. खुंट्या ठोकत होतो तर शेठच्या आई आल्या — हौसाबाई. ऐंशीच्या पुढच्या, पण हातात काठी नाही. कोणी विचारलं नसताना म्हणाल्या, “वारा इकरं नाय. वारा खल्यान.”

खळं म्हणजे मागच्या उंचवट्यावरची गोल, सारवलेली जागा. शेती होती तेव्हा तिथे भात झोडायचे, उपणायचे. शेती गेली, पण म्हातारी दर दसऱ्याला ते अजून सारवून घेते आणि कोणालाही चपला घालून वर चढू देत नाही. शेठना तिथे लॉन करून फायबरचा घोडा उभा करायचाय, पण आईपुढे विषय काढायचा धीर होत नाही. मी हसून ‘हो हो’ म्हटलं आणि खुंट्या ठोकत राहिलो. म्हाताऱ्या माणसांना जुन्या जागांचा लळा असतो.

११ जून

पागा पुरी झाली. मंगलोरी कौलं, जांभ्याचा चौथरा, सागाची दारं. झुंबर नाही!

२३ जुलै

काय वारा! आत उभं राहिलं की शर्ट फडफडतो. शेठ येईल त्याला घेऊन जाऊन दाखवतात — “आमच्या सायेबांनी वारा बांधून आणलाय!” मीही फोटो काढून चार जणांना पाठवले. फुशारकी म्हणा हवं तर. इतकं चांगलं काम बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

५ ऑक्टोबर

सकाळी पंढरीचा फोन. पंढरी म्हणजे शेठकडचा मोतद्दार. घोड्यांचं सगळं तोच बघतो, तीस वर्षं रेसच्या घोड्यांत काढलेला माणूस. म्हणाला, “साहेब, शेवंतीला घाम येत नाही.”

मी म्हटलं, “वा! म्हणजे आत गारवा आहे.”

तो हळूच म्हणाला, “साहेब, घोडा घामावर जगतो.”

लगेच गेलो. शेवंतीचं अंग कोरडं ठाक, नाकपुड्या फुगलेल्या, कुशी भात्यासारख्या हलताहेत. डॉक्टर श्वास मोजत होते — मिनिटाला ऐंशी. एरवी पंधराच्या आसपास असतात. दमट हवेत काही घोड्यांचा घामच बंद होतो म्हणे. अंगातली उष्णता आतच कोंडते. बाकीचे दोघे ठीक आहेत, हिचंच असं झालं. घाटावर थंड हवेत न्यावी, तर या उकाड्यात ती गाडीतच दगावेल. आणि इथे असंच राहिलं तर आठवडा, फार तर दहा दिवस. डॉक्टरांनी पागा बघितली. “दिसते छान,” म्हणाले.

शेवंतीने माझा खिसा हुंगला नाही.

६ ऑक्टोबर

बारा ते चार पागेत बसून होतो. उदबत्ती लावली. धूर सरळ वर, दोऱ्यासारखा. चार तासांत एकदाही हलला नाही! माझा वारा पावसाळ्याचा होता. पाऊस गेला, तोही गेला. मी वर्षाचे आकडे बघितले, ऑक्टोबर वेगळा काढून बघितलाच नाही. तीस वर्षं काम करून ही चूक! आणि भोगतंय मुकं जनावर. फार लाज वाटली.

उरलेली उदबत्ती घेऊन, चपला काढून, खळ्यावर चढलो. धूर आडवा झाला.

हौसाबाई खाली दगडावर बसून माझा प्रकार बघत होत्या. म्हणाल्या, “दसरा-दिवालीला भात उपनायचो आमी हितं. सुपातनं सोरला की दाना पायाशी, फोल लांब. वारा नसता तं काय तोंडान फुकला असता?”

ऐन पडत्या वाऱ्याच्या दिवसांत ज्यांना वारा लागायचा, त्यांनी शोधलेली ही जागा! मार्चमध्ये बाईंनी चार शब्दांत सांगितलं होतं. मी खुंट्या ठोकत होतो.

७ ऑक्टोबर

शेवंतीला खळ्यावर हलवू म्हटलं, तर शेठच अडले. “आयचा खला हाय तो सायेब. जनावर तिथं घान करनार. गाववाले काय बोलतील?” बोलताना आवाज फुटत होता त्यांचा. घोडीवर जीव आहे, पण आईला विचारायची छाती नाही. साठीचा माणूस!

शेवटी हौसाबाईंनीच सोडवलं. “बैल नवते फिरत खल्यान? ते काय शेन टाकायला घरी जायचे?” पंढरीला हसू आवरेना. मग बाईंनी अट घातली — “पन नाल कारून टाका. खल्याव कोन पायतान घालून जात नाय. घोरी पन नाय.”

आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. बाई मात्र अगदी गंभीर होत्या. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले मऊ जमिनीवर चालेल. पंढरीने पक्कड आणली. शेवंती धापा टाकत उभी होती, पण एकेक पाय शहाण्यासारखा देत गेली. चारही नाल बाईंनी ओच्यात घेतले आणि स्वतः पुढे होऊन तिला वर नेलं.

८ ऑक्टोबर

बांबूचे खांब, वर झावळ्यांचं छप्पर, त्यावर हातभर फट सोडून झावळ्यांचाच दुसरा थर — ऊन वरच्यावर राहतं, मधून वारा जातो. भिंत एकही नाही. एका दिवसात उभं केलं. नकाशा नाही, परवानगी नाही, काही नाही. श्वास अठ्ठ्याहत्तर.

१० ऑक्टोबर

साठ. पंढरी तासातासाला अंगावर पाणी ओततो आणि हाताने निपटून काढतो. म्हणतो, पाणी साचून राहिलं तर तेच तापतं.

११ ऑक्टोबर

परत सत्तर. दिवसभर आभाळ भरलेलं, चिकचिक. जेवण गेलं नाही मला.

१४ ऑक्टोबर

चव्वेचाळीस! थोडं गवत खाल्लं. शेठ खळ्याखाली चपला काढून उभे होते, वर यायला धजत नव्हते. मी हाक मारली तेव्हा आले.

१८ ऑक्टोबर

मी पोचलो तर पंढरी काही न बोलता हात पुढे करून आला. तळवा ओला. “आयाळीखाली, साहेब. मानेला.” मी स्वतः हात घालून बघितला. ओलं, गरम, खारट वासाचं. रडू आलं, लपवलं नाही. पंढरीचीही तीच गत. हौसाबाई म्हणाल्या, “घामाला काय रडता? भूक लागली आसंल तिला.” आणि खरंच, शेवंती माझा खिसा हुंगत होती. आज गूळ नेला होता.

घरी येऊन जयाला स्वयंपाकघरात जाऊनच सांगितलं — शेवंतीला घाम आला! कुकर लागला होता. ती ओढणीने मान पुसत म्हणाली, “माझा घेऊन जायचात की. हवा तेवढा होता.” दोघेही हसलो.

९ जानेवारी

खळ्यावर पक्की पागा बांधायला घेतली. खांब सागाचे, छप्पर दुहेरी, भिंती नाहीत, नुसते आडवे वासे. जमीन सारवलेलीच, ही बाईंची अट. ज्या खांबाभोवती बैल फिरायचे ती मधली मेढ जागेवरच ठेवली. तिच्याभोवती घोडे बांधायची चार ठाणं गोलात बसवली. एवढं सुंदर मला एरवी सुचलं नसतं. शेठनी झुंबराचं नाव काढलं नाही.

खालची पागा आता गवत ठेवायला.

१२ मे

पागेच्या खऱ्या परीक्षेचे दिवस. बाहेर चिकट उकाडा, अंगाला कपडा सहन होत नाही. शेवंती दुपारी दोन वाजता उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. श्वास अठरा, मान घामाने चमकतेय. नाल परत मारलेच नाहीत. पंढरी म्हणतो, खूर आता जास्त चांगले आहेत. चौथ्या, रिकाम्या ठाणात हौसाबाईंनी आपली खाट आणून टाकलीय. शेठच्या बंगल्यात एसी आहे, पण दुपारी त्या इथेच असतात.

१८ मे

जयाला आज पहिल्यांदा पागा दाखवायला नेलं. मुद्दाम भर दुपारी. चपला काढून वर आली, शेवंतीला गूळ दिला, मग हौसाबाईंच्या खाटेवर जाऊन बसली. ओढणी उडत होती, ती धरायचंही तिला सुचलं नाही. मी छपराचं, फटीचं, वाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. सवयीने मान पुसायला ओढणी ओढून घेतली, तर मान कोरडीच होती. मग म्हणाली, “म्हणजे तुम्हाला हे येत होतं.”