माझा नेम, रेटोची पाटी

वालतुर, नेमबाजीच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थरूप लुझीमामांस,

भाचा कुर्दीन याचा टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला, तपकिरी गाय आणि चर्चच्या घंटेवरून पाद्रीबुवांशी चाललेलं तुमचं भांडण, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल. म्हणजे उर्सिना खुशाल आहे; मी नुसता जेवतो.

कालच्या गावच्या नेमबाजीची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच, आणि वाकडीतिकडीच पोचली असेल. म्हणून बैजवार लिहितो. सासरेबुवांनी हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं, की त्यांच्या भिंतीवरची आक्रोडी दस्त्याची रायफल ह्या वेळी चांगला नेम धरेल त्या घरच्या माणसाला मिळेल. घरचं माणूस म्हणजे मी नाहीतर माझा साडू रेटो, हे उघडच होतं. (रेटो विमे विकतो आणि चाप ओढताना डोळे मिटतो. हे जळफळून लिहीत नाही, शेजारी पालथं पडून पाहिलेलं लिहितो.) मामा, त्या रायफलीवर माझा किती जीव आहे हे तुम्ही जाणता. मुलगी मागायला गेलो तेव्हा माझी पहिली नजर भिंतीवर गेली होती, हे उर्सिना अजूनही पाहुण्यांसमोर ऐकवते.

नेमाची पाटी आठ माझी, माझ्या डाव्या हाताला सात रेटोची. (उर्सिनाही पार टोकाला गोळ्या झाडत होती. तिची भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरलेली, म्हणजे बेताचंच. तिकडे कोणी पाहिलं नाही, मीही नाही.) तीनशे मीटर, सहा गोळ्या, निकाल शेवटी एकदम. मी तुमच्या शिकवणीबरहुकूम पडलो. तुम्हीच सांगायचात ना, "बंदुकीला ओढू नकोस रे, डोळे मीट, श्वास सोड, मग उघड; अंग वळतं तिकडेच नेम बसतो." मी मिटले, सोडला, उघडले. समोर काळा गोल, काय सुरेख! झाडल्या सहाच्या सहा. हात असा कधी चालला नव्हता.

मग पाट्यांखालच्या खड्ड्यात बसलेल्या माणसांनी पाट्या खाली ओढून तपासल्या आणि पुन्हा वर केल्या. आठवर लाल झेंडा, म्हणजे एकही भोक नाही. सातवर सहा भोकं, काळ्याच्या मधोमध, कॉफीच्या बशीत मावतील अशी. रेटोने डोळे उघडले तेव्हा गाव टाळ्या वाजवत होतं.

माझं अंग, मामा, सातकडे वळलं होतं. दोष कोणालाच देत नाही, शिकवण कोणाची होती एवढंच नमूद करतो. मी तिथल्या तिथे ओरडलो, "अहो, ती भोकं माझी आहेत!" सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, कोंबडी शेजारच्या घरात अंडं घालून आली, तर ऑम्लेट शेजारी खातो." गाव पोट धरधरून हसलं. रेटोने खाली मान घालून सगळ्यांना चेरीची दारू पाजली. मीही प्यायलो, माझ्याच गोळ्यांची होती. रायफल कोणाला ते सासरेबुवा रविवारी सांगणार आहेत.

मामींना नमस्कार.

तुमचा,
कुर्दीन

ता. क. पत्र खरं तर ह्यासाठी. सासरेबुवा जगात फक्त तुमचं ऐकतात. त्यांना रविवारच्या आत दोन ओळी लिहा, की चांगला नेम म्हणजे गोळ्या एका जागी पडणं. जागा कोणती, हा पुढचा प्रश्न.

ता. क. २. त्या दोन ओळी लिहू नका. पाकीट चिकटवतच होतो, तोवर सासरेबुवा स्वतः रायफल घोंगडीत गुंडाळून दारात हजर. म्हणाले, "रविवारपर्यंत तू मला छळशील, म्हणून आजच आलो." मी गोळ्या एका जागी पडल्याचं त्यांनाच ऐकवलं. पण काल ते मागे उभे राहून दुर्बिणीतून सगळं पाहत होते. रेटोच्या दर गोळीला पाट्यांमागच्या टेकडीवर धूळ उडत होती, आणि सहाही वेळा एकाच दगडावर. "तुझ्या हिशोबाने तोही पट्टीचा नेमबाज," म्हणाले. "माझ्या हिशोबाने आपल्या पाटीवर आणि एका ताटात, एवढं पुरे. बाकी सगळा थाट." आणि मला ओलांडून रायफल उर्सिनाच्या हातात दिली.

आता ती आमच्याच भिंतीवर आहे. रोज दिसते, ह्याचा आनंद आहे. हात लावायची बंदी आहे, ह्याने जीव जळतो. तेव्हा मामा, दोन ओळी उर्सिनाला लिहा. ती म्हणते, आधी स्वतःच्या पाटीवर एक तरी भोक पाडून दाखव.

ता. क. ३. रेटो आत्ताच आक्रोडाचा केक घेऊन येऊन गेला. पुढच्या वर्षीसाठी माझ्या डाव्या हाताची जागा त्याने आजच मागून ठेवली.