निजामाच्या फौजेचा अस्सल बँड

२४ ऑगस्ट, रविवार
गंगाखेडला सासुरवाडीत माळा आवरताना एक कॅसेट सापडली. लेबलवर 'बँड, गंगाखेड'. पुढची तारीख उंदरानं खाल्लेली, शेवटचा ४ तेवढा शाबूत. १९४४ असणार. सासऱ्यांचे आजोबा निजामाच्या फौजेत होते, असं घरात बोललं जातं. १९४४ साली कॅसेट नव्हती, हे मला माहीत आहे. कुणीतरी नंतर तबकडीवरून उतरवून घेतली असणार.
संकल्प: पक्का पुरावा मिळेपर्यंत कुणाजवळ एक अक्षर बोलायचं नाही.

२६ ऑगस्ट
ऐकली. खरखर भरपूर, म्हणजे जुनी. ढोल, क्लॅरिनेट, घोड्याचं खिंकाळणं, बंदुकांच्या फैरी. सत्यशीलाला ऐकवली. भाजी निवडता निवडता म्हणाली, अहो, हा लग्नातला बँड आहे. मी पुरावा मागितला. ती हसली आणि कुकर लावायला गेली. हसणं हा पुरावा नव्हे.
प्राचार्यांना फोन केला. थोडक्यातच बोललो.

३० ऑगस्ट
प्राचार्य खूश. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, हॉलमध्ये ऐकवायची. त्या दिवशी निजामाचाच बँड वाजवावा का, ही शंका मी मांडली. ते म्हणाले, मागच्या वर्षी नुसती भाषणं झाली, लोक उठून गेले. कॉलेजचा नवा इतिहास कक्ष माझ्याकडे द्यायचा की आमच्याच विभागातल्या नागनाथकडे, ते त्यानंतर ठरेल.
नागनाथनं पेशवाईतलं रणसंगीत म्हणून आणलेल्या सीडीत मला कीबोर्ड ऐकू आला होता. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. नंतर वाईट वाटलं. थोडंच.

५ सप्टेंबर
बँडच्या आधी कुणीतरी लांब सुरात काही म्हणतंय. शब्द लागत नाहीत. लढाईपूर्वीची प्रार्थना असावी. मग एकदम स्पष्ट हुकूम: सावधान. लगेच बँड. अंगावर काटा आला.

६ सप्टेंबर
निजामाच्या फौजेत हा हुकूम कसा? उर्दू हवा. शंका रास्त आहे. कार्यक्रम रद्द करावा का?
संध्याकाळी: उलगडा झाला. निजामाच्या फौजेत मराठी हुकमांची एक अज्ञात पलटण होती. कोणत्याच पुस्तकात तिचा उल्लेख नाही, यावरूनच ती किती अज्ञात होती ते कळतं.

११ सप्टेंबर
घोड्याचा तुकडा स्टाफरूममध्ये ऐकवला. नागनाथनं चहा पिता पिता विचारलं, सर, अख्ख्या पलटणीत घोडा एकच कसा हो? मत्सर. तरी नोंद करतो: सेनापतीचा असावा.

१७ सप्टेंबर, बुधवार
हॉल भरलेला. सासूबाई धुरपताबाई पहिल्या रांगेत. आधी मी अस्सलपणावर बोललो. नागनाथचं नाव घेतलं नाही, पण त्याला कळेल असं बोललो. कॅसेट लावली. प्रार्थना सुरू होताच बायकांत कुजबुज. सावधान ऐकू आलं आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेनं हात वर करून स्टेजकडे काहीतरी उधळल्यासारखं केलं. मला वाटलं, मानवंदना.
मग धुरपताबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जावईबापू, ह्यो तर तुमच्याच लग्नातला बँड हाय. घोडं बी तुमचंच. फटाक्यानं लय बुजायलतं, तुमी पडता पडता ऱ्हायलात.
मागून नागनाथनं विचारलं, सर, पंगत कुठं आहे?

१८ सप्टेंबर
इतिहास कक्ष नागनाथकडे. माझ्याकडे स्नेहसंमेलनाची भोजन समिती.
सत्यशीलाला विचारलं, आपल्याच लग्नातला आहे, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं. म्हणाली, लग्नातला आहे म्हणाले होते, कुणाच्या ते तरी तुम्हाला ओळखू येईल वाटलं. मग म्हणाली, बरं, आता लग्नाची तारीख सांगा.
साल लगेच सांगितलं, २००४. तारीख उंदरानं खाल्ली आहे.