उत्तराताईचं पथ्य

पंचवटी, नाशिक
१६ जानेवारी २०२५

चि. स्वानंदीस उत्तराताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. तुला फोन लावला की हे शेजारी येऊन बसतात, म्हणून लिहिते. स्तनातल्या गाठीसाठी चालू असलेली किमो ह्यांनी अर्ध्यावर बंद केली. माझे केस गेले, अन्न नकोसं झालं, ते ह्यांना बघवेना. हळद, ब्रोकोली, लसूण, द्राक्षांच्या बिया यांनी कॅन्सरच्या पेशी मरतात असं कुठेसं वाचलं, आणि आता रामकुंडावरच्या पूजेचे यजमान दुसऱ्या गुरुजींना देऊन पहाटे माझ्यासाठी हळद वाटत बसतात. संक्रांतीला तिळगुळाचा खडासुद्धा मिळाला नाही. साखर म्हणजे विष म्हणे! स्वानंदीच्याच प्रयोगशाळेत हे सिद्ध झालंय, असं गल्लीभर सांगतात. खरं आहे का गं? खरं असेल तर मला तरी कुठे किमोची हौस आहे!

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई

पुणे
२१ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस स्वानंदीचा शि. सा. न. वि. वि.

खरं आहे ते एवढंच, की काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हळदीतलं द्रव्य थेट घातलं तर त्यातल्या बऱ्याच मरतात. पण खाल्लेल्या हळदीतलं रक्तात जेमतेम उतरतं. त्यातून पुढेमागे औषध निघावं म्हणून आम्ही राबतो. आज ते औषध नाही. भाजी खा, लसूण खा, पण किमोच्या जागी नको. हळदीच्या गोळ्या घेत असलीस तर डॉक्टरांना सांग, काही वेळा त्या गोळ्या किमोच्या आड येतात. भाऊजींना फोनवर हेच सांगितलं, तर मला म्हणाले, तुम्ही सगळे औषध कंपन्यांचे मिंधे. शनिवारी येते.

रागावलीस तरी जवळची मान.

स्वानंदी

पंचवटी, नाशिक
१८ एप्रिल २०२५

चि. स्वानंदीस आशीर्वाद.

तू आलीस, ह्यांच्याशी भांडलीस, आणि मीच तुला जा म्हणाले. तुझ्यासमोर ह्यांना खोटं पाडवेना गं. गेल्या आठवड्यात काखेत दुसरी गाठ हाताला लागली, तेव्हा एकटीच रिक्षा करून दवाखान्यात गेले. आजार यकृतापर्यंत पोचलाय. किमो पुन्हा सुरू झाली, पण आता बरं करायला नाही, नुसतं लांबवायला. हे म्हणतात, मी शेजारच्या पूजाच्या लग्नात बासुंदी खाल्ली म्हणून पसरलं. शेजारणीही माना डोलावतात. जन्मभर घरचं साधं खाल्लं, तरी म्हणे आजार झाला तो माझ्या जिभेने, आणि वाढला तोही माझ्याच जिभेने! मरणापेक्षा याचाच संताप येतो.

येऊन जा. या वेळी जा म्हणणार नाही.

ताई

पंचवटी, नाशिक
२ ऑक्टोबर २०२५

चि. स्वानंदीस चिंतामणचे आशीर्वाद.

उत्तराच्या तेराव्यालाही तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून लिहितो. माझी आई किमो चालू असतानाच गेलेली मी पाहिली आहे. हिचं तसं होऊ नये, एवढंच मनात होतं. पथ्य नीट पाळलं असतं तर ती वाचली असती, असं अजून वाटतं. काल गल्लीतल्या अक्काबाई आल्या होत्या. त्यांनाही तसलीच गाठ निघाली आहे. त्यांना सगळं पथ्य समजावून सांगितलं. तुमच्याकडे काही नवं संशोधन झालं असेल तर कळव.

परकं समजू नये.

चिंतामण

पुणे
७ ऑक्टोबर २०२५

ती. भाऊजींस, सा. न. वि. वि.

अक्काबाईंच्या मुलीशी मी बोलले. गाठ लहान आहे, ऑपरेशन ठरलं आहे. रजा काढून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात राहणार आहे. तुम्ही त्यांच्या वाटेला पुन्हा जाऊ नका.

ताईवर तुमचा जीव होता, हे मी कधीच नाकारलं नाही. म्हणूनच ती तुमच्या शब्दाबाहेर गेली नाही.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. तुमच्याकडून तो मला नको.

स्वानंदी