आधी त्याच्याकडे

आई, संरक्षण प्रबोधिनीतली स्क्वाड्रनांची बॉक्सिंग फायनल बघायला तू आणि बाबा नावड्याहून पहाटेच निघून आला होतात. मी तुला नुसतं "खेळ आहेत" असं सांगितलं होतं. माझ्यासमोरचा मुलगा माझ्याच वर्षाचा, पण दुसऱ्या स्क्वाड्रनचा. घर पार परराज्यातल्या डोंगरातलं, त्यामुळे त्याचं कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत माझा ठोसा त्याच्या नाकावर बसला आणि तो आडवा झाला. पंचांनी माझा हात वर केला, आमची पोरं ओरडत होती, आणि मी तुला शोधतोय तर तू रिंगपलीकडे, त्याच्यापाशी. पदराने त्याचं रक्त पुसतेस, त्याला न कळणाऱ्या आपल्या बोलीत काहीतरी सांगतेस. तो मान हलवतोय.

बाहेर झाडाखाली तू डबा उघडलास. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी. मी भूक नाही म्हणालो. बाबा मला समजावत राहिले. तू म्हणालीस, "तुज्याजवल मी हाय. त्याच्याजवल कोन हाय?" आणि डबा घेऊन त्याच्याकडे गेलीस. सुजल्या नाकाने त्याने सगळा संपवला. तुम्ही परत निघालात तेव्हा मी फाटकापर्यंतही आलो नाही. नंतर कितीदा सुट्टीवर आलो, तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवलो, पण तो विषय काढला नाही. तूही काढला नाहीस. मग मी सीमेवर असताना तू गेलीस. मला पोचायला उशीर झाला.

त्याच महिन्यात त्याचा, रिंगमधल्या त्या मुलाचा, फोन आला. नेहमीसारखं त्याने विचारलं, आई कशी आहे? मी म्हणालो, मजेत. तेव्हापासून दर फोनला तू मजेतच आहेस, गुडघे तेवढे दुखतात. आता त्याची बदली मुंबईला झाली आहे. रविवारी तो आमच्या खारघरच्या फ्लॅटवर येतोय. त्याच्या बायकोने तुझ्यासाठी शाल विणली आहे म्हणाला. मी "ये" म्हणालो आणि फोन ठेवला.

हे तुला कुठे पाठवणार? पण त्याला सांगण्याआधी तुला सांगतो. तू गेल्याचं तेव्हाच कळलं असतं तर तो फोनवरच रडला असता. मी तोवर रडलो नव्हतो. याही वेळी तुझ्यापाशी त्याचा नंबर माझ्याआधी लागू नये, एवढंच वाटलं होतं.