चार्जरला बांधलेला माणूस

चिखली,
गुरुवार, दुपार टळली, लाइट अजून आलेली नाही

तीर्थस्वरूप ज्योतीराम मामांच्या चरणी भाचा गणराज याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, त्यावर विश्वास ठेवू नका. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल लावता, की नुसतं बाटलीकडे बघता? मंडपाचे बांबू उचलायला आता माणसं ठेवा. दापोडीत तुमच्याशिवाय एकही लग्न उभं राहत नाही हे मान्य, पण गुडघ्याला ते कळत नाही. सुमनमामींना नमस्कार सांगा. त्यांनी दिलेलं लिंबाचं लोणचं आमच्या सासूबाईंनी स्वतः घातलंय म्हणून शेजारी वाटलं, हे मात्र सांगू नका.

पत्र हातानं लिहिलेलं पाहून तुम्ही चकित झाला असाल. मामा, माझ्यासमोर टेबलावर या गल्लीतला सगळ्यात ताकदवान लॅपटॉप पडलेला आहे. पडलेला हा शब्द जाणूनबुजून लिहिलाय. तो आत्ता तवा ठेवायच्याही लायकीचा नाही, कारण गरमसुद्धा नाही.

मार्चमध्ये कंपनीनं आमचं डिझाइनचं खातं चेन्नईला हलवलं आणि मला इथंच ठेवलं, म्हणजे घरी ठेवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून मी स्वतंत्र आहे. (स्वतंत्र म्हणजे सकाळी आंघोळ कधी करायची हे मी ठरवतो.) वेल्डिंग करताना पत्रा जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारी जी चौकट असते, फिक्श्चर म्हणतात तिला, ती कॉम्प्युटरवर बनवायची, फिरवून दाखवायची आणि कंपन्यांना विकायची, असा माझा धंदा आहे. धंद्यात आजवर सगळं झालं, फक्त विकायचं राहिलं. आम्ही राहतो सासऱ्यांच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर. नानासाहेब म्हणजे गावातले जुने शेतकरी. शेतात आता ज्वारीऐवजी भाड्याच्या खोल्या उगवतात. ते माझ्याकडून भाडं घेत नाहीत, पण घेत नाही याची आठवण वेळच्या वेळी देतात. गणपतीत त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "जावईबापू, दसऱ्यापस्तोर बगा. न्हाई जमलं तर आपल्या खोल्या हायेतच की. भाडं गोळा करायचं, पाण्याची मोटर चालू-बंद करायची. सावलीतलं काम हाय." मामा, ते हे प्रेमानं म्हणाले. त्यामुळंच मला जेवण गेलं नाही. बारा-तेरा वर्षं मी डिझाइनमध्ये घालवली ती पाण्याच्या मोटरीचं बटण दाबण्यासाठी नाही.

तर धंद्यासाठी लॅपटॉप हवा होता. आकुर्डीच्या दुकानात समोरासमोर दोन ठेवलेले. एक पातळ, शांत, दिवसभर चार्जिंगशिवाय चालणारा, पण माझी फिक्श्चर त्यात उघडली की दम लागणारा. दुसरा खेळवाल्या पोरांचा. पाठीवर फणा काढलेला नाग, बटणांखाली लाल दिवे, आत असलं यंत्र की माझं डिझाइन भिंगरीसारखं फिरवावं. मला तेव्हा तुमचं वाक्य आठवलं. जनरेटर घेताना तुम्ही म्हणायचात, उजेड किती पडतो ते दुकानात बघू नये, वरात अर्ध्या वाटेत असताना काय होतं ते विचारावं. मी विचारलं नाही. विचारलं तुमच्या भाचेसुनेनं, पूनमनं. ती म्हणाली, बॅटरीवर किती वेळ चालतो? दुकानदार एकदम खिडकीबाहेरच्या रहदारीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, हा चालवायचा नसतो. हा पळवायचा असतो." या उत्तरावर पूनम माझ्याकडे बघत राहिली आणि मी नागाकडे. घरी येताना नाग माझ्या मांडीवर होता.

गुण सांगितले पाहिजेत. प्लगात लावला की तो खरोखर पळतो. फक्त पळताना त्याचे पंखे असे घुमतात की पहिल्या दिवशी सासूबाई (शालनबाई, वरच्या मजल्यावर असतात) डबाभर ज्वारी घेऊन खाली आल्या. त्यांना वाटलं जावयांनी गिरणी घातली. गिरणी नाही हे कळल्यावर हिरमुसल्या, पण मागच्या जाळीतून येणारी गरम हवा हाताला लागली तशा परत खुलल्या. तेव्हापासून घरातलं इडलीचं पीठ रात्रभर लॅपटॉपच्या पाठीमागं झाकून ठेवतात. फुगतं छान. खोटं कशाला बोलू, त्या लॅपटॉपनं आजवर केलेलं एवढंच पूर्ण काम आहे. आणि प्लग काढला की नागाचं गांडूळ होतं. पूर्ण ताकदीवर ठेवला तर एक चहा आणि थोडं बोलणं होईपर्यंत टिकतो. बचतीवर ठेवला तर बराच वेळ टिकतो, पण मग त्याला कशाचीच घाई नसते. (पूनमचं म्हणणं, हे दोन्ही प्रकार तिला ओळखीचे आहेत. मी खोलात गेलो नाही.) चार्जर बरोबर न्यावा तर तो वीट आहे. पाठीवरच्या पिशवीत एका बाजूला चार्जर आला की सरळ निघालेली गाडी आपोआप तळवड्याकडे वळते.

हे सगळं घेऊन मी चाकणला गेलो. तिथल्या एका कंपनीत धम्मरत्न साहेब म्हणून आहेत, वयानं तरुण, स्वभावानं सरळ. नवी फिक्श्चर कोणाकडून घ्यायची हे तेच ठरवतात. म्हणजे मामा, माझा दसरा त्यांच्या हातात. त्यांनी मीटिंगच्या खोलीत बसवलं. आत शिरल्या शिरल्या मी चारही भिंती नजरेनं धुंडाळल्या. एका भिंतीवर घड्याळ, एकीवर सुरक्षेच्या सूचना, बाकी दोन कोऱ्या. प्लग कुठंच नाही. विचारायची लाज वाटली. पहिल्याच भेटीत प्लग मागायचा म्हणजे पाहुण्यांकडे जाऊन पाणी प्यायच्या आधी संडास विचारण्यासारखं. चहा आला. (टेबल काचेसारखं गुळगुळीत, त्यावर कपाचा डाग नको म्हणून मी मधोमध बसवलेल्या स्टीलच्या चकतीवर कप ठेवला. आईनं लावलेलं वळण.) आणि लॅपटॉप बचतीवर टाकून डिझाइन दाखवायला घेतलं.

मामा, फिक्श्चरमध्ये सगळा खेळ वेगाचा असतो. पत्रा आत आला की चिमटे खाडकन बसले पाहिजेत. माझा पहिला चिमटा निघाला, तो वाटेत थांबत थांबत, जुनं दुखणं असल्यासारखा खाली येऊ लागला. साहेबांनी चहा संपवला. चिमटा अजून उतरत होता. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, तुमचं फिक्श्चर एवढं सावकाश चालतं का? मी म्हणालो, नाही साहेब, फिक्श्चर वेगात आहे, लॅपटॉप हळू आहे. ते म्हणाले, मग वेगवान लॅपटॉप आणायचा ना. मी चिडून पूर्ण ताकदीवर टाकला. पंखे घुमले, लाल दिवे लागले, पत्रा आला, चिमटे निघाले आणि पत्र्याला टेकणार तेवढ्यात पडदा काळा. त्यात मला माझंच तोंड दिसत होतं. साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. उलट म्हणाले, गुरुवारी मला सुट्टी आहे, चिखलीला काम पण आहे, तुमच्या घरीच येऊन निवांत बघतो.

त्या दिवशी मी मोशीपर्यंत गाणं म्हणत आलो. घरी प्लग आहे. घरी नाग पळतो. टेबल बोर्डाला चिकटवलं, खुर्च्या मांडल्या, पूनमला नाश्त्याचं सांगितलं. एवढी तयारी केली, मामा, पण एक गोष्ट माझ्या या डिझायनर डोक्यात आली नाही, जी या पट्ट्यात पाळण्यातल्या पोरालाही कळते. कारखान्यांना गुरुवारची सुट्टी का असते? कारण गुरुवारी लाइट नसते. दुरुस्तीला बंद ठेवतात. आमच्या गल्लीत घरं आणि वर्कशॉप एकाच लाइनीवर. इतकी वर्षं मी गुरुवारी झोपून असायचो, पंखा बंद पडला की कूस बदलायचो. साहेब मोकळे होते ते लाइट नसते म्हणून, आणि मी त्यांची वाट बघत होतो ते लाइटवर फिक्श्चर पळवून दाखवायला.

आज सकाळी, साहेब यायच्या जरा आधी, लाइट गेली तेव्हाही मी पूर्ण खचलो नव्हतो. बॅटरी भरलेली असणार, चहाला बोलवायच्या आत चिमटे बसवून दाखवू, असा हिशेब केला. पण चाकणचे साहेब येणार म्हणून सासूबाईंनी रात्री दुप्पट पीठ भिजवलेलं. पीठ जोरात फुगावं म्हणून लॅपटॉप त्यांनीच चालू करून ठेवला, तोही पूर्ण ताकदीवर. (बटण कुठलं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.) लाइट गेल्यावर तो बॅटरीवर इमानदारीनं पीठ फुगवत राहिला आणि साहेब दारात चपला काढत असताना मेला.

मी साहेबांना बसवलं, आत्ता येतो म्हणालो आणि इन्व्हर्टर शोधायला पळालो. किराणावाल्याचा बिघडलेला. वर्कशॉपवाले गुरुवार म्हणून गावी गेलेले. एका ट्रकवाल्याची बॅटरी दोघांनी धरून अर्ध्या गल्लीत आणली, तेव्हा त्याला आठवलं की लॅपटॉप त्यावर चालत नाही. घामानं थबथबून परत आलो तर घरात समारंभ. साहेबांच्या ताटात इडल्या, पूनम चटणी वाढतेय, सासूबाई आग्रह करतायत आणि नानासाहेब समोर मांडी घालून बसलेले. साहेबांचं चिखलीतलं काम म्हणजे खोली शोधणं होतं. नानासाहेबांनी त्यांना दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली दाखवूनसुद्धा झाली होती. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जावईबापू, नशीबवान हाय तुमचा पायगुन. साहेबांचं भाडं तुमीच आणायला जायाचं."

मामा, मला रडू आलं, आणि ते घाम म्हणून खपलं. ज्या माणसाकडून ऑर्डर आणायची, त्याच्या दारावर दर महिन्याला भाड्यासाठी थाप मारायची. साहेबांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि इडल्या फार हलक्या होत्या असं सांगितलं. फिक्श्चरबद्दल एक अक्षर नाही. माझी जिद्द संपली आहे. ताकद घ्यावी तर टिकत नाही, टिकणारं घ्यावं तर उठत नाही, आणि मी दुकानात उभा राहून यातलं नेमकं काय निवडलं ते आता माझं मलाच सांगता येत नाही. असो. कुणाकडे काही मागण्यासाठी हे पत्र नाही, मन हलकं करायला लिहिलं. गुडघ्याला जपा.

तुमचा, प्लगापासून दूर पडलेला,
गणराज

ता. क. मागायचं काही नाही म्हणालो, पण पुढच्या गुरुवारी साहेब सामान घेऊन येणार आहेत. तेव्हा शेवटचा प्रयत्न करावा म्हणतो. तुमचा छोटा जनरेटर सकाळपुरता मिळेल का? कमी आवाजाचा. मोठ्याला माझ्या पंख्यांची जोड मिळाली तर साहेब खोली घेणार नाहीत, आणि मग नानासाहेब मला घेणार नाहीत.

ता. क. २. नानासाहेबांच्या कानावर हे गेलं आहे. त्यांनी सगळ्या भाडेकरूंना सांगून टाकलं की आमच्या जावयाचा मामा दर गुरुवारी जनरेटर देणार. मी अडवायच्या आत सांगितलं.

ता. क. ३. तेही फसलं तर, वरातीत जनरेटरच्या गाडीवर बसायला तुम्हाला माणूस लागतो ना? मी येईन. ऐन वेळी बंद पडणाऱ्या वस्तूंशेजारी बसायची मला सवय आहे. पूनमला कळवू नका.

मामांना पूनमचा नमस्कार. पाकीट बंद करायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून सगळं कळलं. हे इन्व्हर्टर शोधत फिरत होते तेव्हा धम्मरत्न साहेब मला म्हणाले की, त्यांच्या मीटिंगच्या टेबलात मधोमध स्टीलचं झाकण आहे, ते उघडलं की आत प्लग असतात. ह्यांनी झाकणावर चहाचा कप ठेवला होता. साहेबांना वाटलं, हे मुद्दाम बॅटरीवर दाखवतायत, म्हणून ते मध्ये बोलले नाहीत. डिझाइन त्यांना आवडलंय, सोमवारी परत बोलावलंय. पाकीट हातात घेताना मी ह्यांना एवढंच सांगितलंय की सोमवारी चाकणला जायचं आहे आणि मी बरोबर येणार आहे. चार्जर माझ्याकडे राहील आणि चहा आम्ही बाहेर घेऊ. जनरेटर मात्र दर गुरुवारी पाठवाच, बाबांनी शब्द दिलाय.