काझिकच्या गाडीचं तोंड आणि शेपूट

हॅमट्रॅमिक, ३ ऑगस्ट १९९७

चि. पोला हिस,
फ्लोरकाताईचे अनेक आशीर्वाद.

आठ सप्टेंबरला तुझा खुबा बदलणार, हे वाचलं आणि त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. ती पलंगाखाली सरकवून ठेवावी लागली, त्याचं कारण ऐक.

माझी करडी छोटी गाडी आता माझी नाही. चि. रायमुंडनं ती मला न विचारता आपल्या मुलीला कॉलेजला जायला देऊन टाकली. वर मलाच विचारतो की आई, एकाहत्तराव्या वर्षी तुला जायचंय कुठे, चर्च तर कोपऱ्यावर आहे. घटस्फोटानंतर हा माझ्या घरी राहायला आला, की मी त्याच्या घरी राहतेय, हेच मला कळेनासं झालंय.

उरलं ते त्याच्या वडिलांचं लाल धूड, सत्तर सालचं. काझिक गेला फेब्रुवारीत, तेव्हापासून गाडी माझ्या नावावर आहे. पण तिच्या बॉनेटवर हवा ओढायला ते आ वासलेलं तोंड आहे ना, ज्याला ही मंडळी स्कूप म्हणतात? मी चार फूट अकरा इंच. बसले की समोर रस्ता नाहीच, नुसतं तोंड. आरशात बघावं तर डिकीवर शेपटासारखा उभारलेला स्पॉयलर, इस्त्रीच्या फळीएवढा, आडवा. सिस्टर बेनिग्ना शाळेत म्हणायच्या की ताठ बसणाऱ्या मुलीला सगळं दिसतं. त्यांनी स्कूप पाहिला नव्हता.

तरी मंगळवारी मी गाडी मागे काढली. शेजारच्या वांडाबाईंनी अंगणात जुना बाथटब उभा पुरून त्यात मेरीमाता बसवलीय, ती फळीआड दिसलीच नाही. बाथटब वाचला. मेरीमातेचे दोन तुकडे झाले. वांडाबाई म्हणाल्या की नवऱ्याच्या माघारी बायकांची बुद्धी जाते असं ऐकलं होतं, आज बघितलं. रायमुंडनं गाडीची बॅटरी काढून आपल्या खोलीत नेऊन ठेवली आहे. मी आता चर्च ते घर, घर ते चर्च.

काहीतरी सुचव. तुझा लोभ असाच राहो, आणि खुबा बदलला तरी गुडघ्यातली अक्कल जागेवर राहो.

तुझी ताई,
फ्लोरका


अल्पीना, ९ ऑगस्ट

ती. ताईस,
पोलाचा साष्टांग नमस्कार (वाकता येत नाही, मानून घे).

मेरीमातेला धडक देणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच. पाद्रीबुवांना पापनिवेदनात काय सांगितलंस ते सविस्तर कळव. बुडाखाली टेलिफोनची डिरेक्टरी घेऊन बघितलीस का?

आता चेष्टा पुरे. काल दवाखान्यातली बाई घरी आली होती. पायऱ्या मोजल्या, न्हाणीघर बघितलं आणि म्हणाली की सहा आठवडे घरात कुणी राहणारं नसेल, आणि व्यायामाला आठवड्यातून तीनदा नेणारं नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर मला थेट वृद्धाश्रमात पाठवतील. मी म्हटलं, तीन आठवड्यांत परत येईन. ती गोड हसली. समोरच्या हेल्गाबाईही तीन आठवड्यांसाठीच गेल्या होत्या. मार्चमध्ये त्यांच्या घरावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली.

रायमुंड तुला इथे सोडून जाईल हे मला माहीत आहे. पण दवाखाना अठरा मैलांवर, या तळ्याकाठी बस येत नाही, आणि ती छोकरी काही करडी गाडी परत करायची नाही. गाडीशिवाय आलीस तर एकीच्या जागी दोघी अडकू. आणि मला वृद्धाश्रमात जायचं नाही, ताई. माझ्या स्टाखनं आम्हा दोघांसाठी बांधलेल्या या घरातूनच मला जायचंय, ते शेवटचं.

घाबरवते म्हणून रागावू नकोस. माया कमी करू नकोस.

तुझी,
पोला


हॅमट्रॅमिक, १६ ऑगस्ट

चि. पोला,
पुष्कळ आशीर्वाद.

डिरेक्टरीवर बसले. रस्ता तरीही दिसेना, आणि पाय ब्रेकला पुरेनात.

मग मी रायमुंडला म्हटलं की ते तोंड आणि ती फळी काढून टाक. मी जणू थडगं उकरायला सांगितलं! म्हणाला की गाडी कारखान्यातून जशी आली तशी आहे, बाबांनी आयुष्यभर एक स्क्रू बदलला नाही, म्हणून तर जुन्या गाड्यांच्या क्लबानं 'सर्वांत अस्सल गाडी'च्या ढालीला बाबांचं नाव दिलं. पहिली ढाल एकतीस तारखेला दिली जाणार आहे. अस्सल वस्तूला हात लावायचा नाही. हाच त्यांचा धर्म, बाकी रविवारी कुणी चर्चमध्ये दिसत नाही.

पण मी बावीस वर्षं कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवल्या आहेत, हे तो विसरला. आमच्याकडे प्रत्येक गाडीमागे एक कागद फिरायचा. या गाडीला काय काय बसवायचं, ते त्यावर असे. काम संपलं की माणसं तो कागद केराच्या डब्यापर्यंत नेण्याचा कंटाळा करायची आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कोंबायची. रायमुंड कामावर गेल्यावर मी मागची सीट उचकटली. निघाला, उंदरांनी कोपरा खाल्लेला. बॉनेट: सपाट. स्पॉयलर: नाही.

म्हणजे दोन्ही कुणीतरी नंतर लावलं. कागद मी स्वयंपाकघरात रायमुंडपुढे ठेवला. तो तीनदा वाचून खाली बसला. म्हणाला की आई, हे बाहेर पडलं तर क्लबातली चाळीस माणसं बाबांना खोटारडा म्हणतील, त्यांनीच खांदा दिला होता. आणि नुसतं तोंड काढलं तरी खालची भोकं दिसतीलच.

तिथेच मी अडकले, पोला. नवरा माझाच होता. त्याच्याशी मी खूप भांडले, पण ते घरात. चाळीस टोपीवाल्यांनी त्याच्या नावानं हसावं, हे मला सोसवेना. कागद प्रार्थनापुस्तकात ठेवलाय आणि तीन दिवस ना देवाशी बोलले ना रायमुंडशी.

चौऱ्याहत्तर साली काझिकनं ही गाडी तुमच्या गावातूनच जुनी विकत आणली होती. घरी आली तेव्हा तोंड आणि शेपूट दोन्ही होतं, आणि मला सांगितलं की कारखान्याचंच आहे. तुला काही माहीत आहे का? खरं लिही. मग काय ते ठरवीन.

लोभाची अपेक्षा आहे, उत्तराची त्याहून जास्त.

फ्लोरका


अल्पीना, २१ ऑगस्ट

ती. ताई,
नमस्कार.

दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. खोटं लिहिलं तर तू सोडणार नाहीस.

माहीत आहे. आमच्याच गोठ्यात झालं. काझिकनं गाडी घेतली तेव्हा तिचं बॉनेट सपाट होतं. तो आणि स्टाख भंगारवाल्याकडून ते तोंड आणि फळी घेऊन आले, आणि दोन दिवस बिअर पीत भोकं पाडत बसले. मी गोलोंबकी, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, घेऊन गेले तेव्हा स्टाख त्याला विचारत होता की एवढा खटाटोप कशाला. काझिक हसत म्हणाला की हे एकदा बसलं की माझी बुटकी काही स्टिअरिंगला हात लावत नाही, गाडी माझ्या एकट्याची राहील. स्टाख पोट धरून हसला.

मीही हसले, ताई. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. नंतर दर उन्हाळ्यात तू त्याच्या शेजारच्या सीटवर बसून यायचीस, आणि मला सांगायचं धैर्य झालं नाही.

आता तू आली नाहीस तरी मी समजेन. मला वृद्धाश्रमात जावं लागलं तर ते माझ्याच हसण्याचं फळ.

क्षमा कर, किंवा करू नकोस, पण लिही.

पोला


हॅमट्रॅमिक, १ सप्टेंबर

पोला,
आशीर्वाद आहेतच. ते रागानं कमी होत नाहीत.

तुझं पत्र मी गॅरेजात, त्याच शेजारच्या सीटवर बसून वाचलं. मग काझिकचे पाने घेतले. बॉनेटला चार बोल्ट, डिकीला सहा. गंजलेल्या दोन बोल्टांनी माझ्या बोटांचं कातडं घेतलं. तोंड उचललं तर खाली बॉनेटला हवेसाठी भोकच नाही! सबंध पत्रा. तेवीस वर्षं ते आ वासून बसलं होतं आणि हवेचा एक घोट पोटात गेला नव्हता.

रायमुंड आला, दारातच थांबला. मी त्याला तुझं पत्र दिलं. कानापर्यंत लाल झाला. मग विचारलं की बाबा असे होते का. मी म्हटलं की असेही होते. तुझा ताप उतरेपर्यंत तीन रात्री जागलेला बापही तोच. आणि हेही म्हटलं की बॅटरी काढून नेताना तुझा हात अगदी त्याच्यासारखा चालला.  तो गेला, बॅटरी आणली आणि बसवली.

काल ढालीच्या कार्यक्रमाला गाडी मीच चालवत नेली, भोकांसकट. चाळीस माणसं गाडीभोवती जमली. म्हातारे दुदेक चष्मा लावून वाकले आणि म्हणाले की वहिनी, काझिकनं हे बघितलं असतं तर काय म्हणाला असता. मी म्हटलं की त्याला काय म्हणायचं होतं ते मला पत्रानं कळलंय, आणि सीटमधला कारखान्याचा कागद त्यांच्या हातात दिला. कुणी हसलं नाही. ढाल कुणाला मिळाली ते बघायला मी थांबले नाही.

गुरुवारी सकाळी निघते, संध्याकाळपर्यंत पोचेन. सहा आठवडे तुला व्यायामाला नेईन, न्हाऊ घालीन, सूप करून देईन. आणि त्या हसण्याबद्दल रोज थोडं थोडं बोलेन. तुला उठून पळता येणार नाही.

खाट खिडकीकडे सरकवून घे. तुझी माया मला लागतेच, हे तुला माहीत आहे, म्हणून मागत नाही.

तुझी ताई,
फ्लोरका

ता. क. बॉनेट सपाट झाल्यावर रस्ता फार जवळून सुरू होतो. काल पहिल्यांदा पाहिला.