आपांसाठी राखलेली घोडी

प्रिय सायकाल,

तुझा निरोप मिळाला आणि कुरुतची पिशवीही. लाच म्हणून सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या उत्तम. चघळायला इतका वेळ लागतो, की तोवर माणसाला 'नाही' म्हणायला तोंडच उघडता येत नाही. माझी गोळी आता संपली आहे.

तेवीस वर्षांपूर्वीची ती दुपार तुला आठवते? मी किर्गिझ डोंगरांतल्या नारिनच्या या इस्पितळात नवीन होते. ताश्कंदला शिकताना संध्याकाळी संस्कृतच्या वर्गाला जाऊन बसायचे, म्हणून तू मला चारचौघांत 'पंडितबाई' म्हणायचीस, अजून म्हणतेस. तुझ्या आईच्या, आपांच्या जठरातून नळीने काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मीच मेणात बसवला, मीच त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप केले. आमचे थोरले डॉक्टर सात्किन यांनी भिंगातून पाहिलं आणि लिहिलं: कर्करोग, वाईटातला वाईट, तीन महिने. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तो कागद तुझ्या भावांच्या हाती गेला. आपांना दुसरा कागद: अल्सर. त्यांचा विश्वास बसावा म्हणून परदेशी मदतीच्या खोक्यातल्या, पोटातले जंतू मारायच्या दोन आठवड्यांच्या गोळ्याही दिल्या. नाटकाला नेपथ्य हवंच.

मग तुमच्या घरी जिवंत माणसाचं सुतक सुरू झालं. नातेवाईक निरोप घ्यायला येत आणि 'सहज आलो' म्हणत. मयताच्या जेवणाला कापायची म्हणून एक करडी घोडी वेगळी बांधली गेली. तुझ्या भावजया गोठ्यात हळू आवाजात विलापगीताची तालीम करायच्या. एकदा भिंतीपलीकडून आपांचा आवाज आला, "अगं भवान्यांनो, माझं माहेर चुकीचं गाताय! आत-बाशीची आहे मी, काराकोलची नव्हे. आणि चहा टाका." त्यानंतर त्या गोठ्यात महिनाभर कुणी पाऊल टाकलं नाही.

तीन महिने सरले. आपांच्या अंगावर मांस चढू लागलं. सहाव्या महिन्यात त्या स्वतः त्याच घोडीचं दूध काढायला बसल्या. घरात आनंद व्हायला हवा होता, झाली भीती. मुलं त्यांच्याजवळ झोपेनात. त्यांची वाटी कुणी न सांगता वेगळी झाली. बाजारात त्यांना पाहून सात्किन रस्ता ओलांडू लागले. "का रे सात्किन, भूत पाहिलंस काय?" असं त्या मागून ओरडायच्या, आणि जन्मभर कशावरही विश्वास न ठेवलेला तो माणूस ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटायचा. अकरा वर्षांनी ती घोडी म्हातारी होऊन मेली. तिच्यासाठी रडल्या त्या आपाच. त्यांनी स्वतः आणखी आठ वर्षं घेतली. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगतेस, आईला त्या खोट्याने वाचवलं.

तुझा निरोप आला त्या दुपारी मी तळघरात उतरले. तिथे वर्षावर्षांची खोकी आहेत आणि मेणात बुडवलेली माणसं आहेत, दाण्यादाण्याएवढी. त्यांची बाकीची शरीरं केव्हाच मातीत गेली. दाणे मात्र त्या त्या दिवशीच थांबलेत. यमाच्या दारी नावनिशी घेऊन बसणारा चित्रगुप्त इथेच शोभला असता. आपांचा मेणाचा ठोकळा सापडला. मी नवा काप घेतला, त्या काळी आपल्याकडे नसलेले नवे रंग चढवले, आणि भिंगाला डोळा लावला. सायकाल, सांगायला लाज वाटते, पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. चार वर्षांपूर्वी आपण जिला पुरलं, ती बाई त्या दुपारच्या वयाची होऊन काचेवर पसरली होती. आणि सात्किननी लिहिलेला रोग तिथे नव्हताच.

ती गाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशींची होती. जठरातल्या एका जंतूच्या चिथावणीवर ती वाढते; जंतू मारले की बहुतेकदा विरघळून जाते. म्हणजे ज्या गोळ्या आम्ही नाटकासाठी दिल्या, तेच औषध होतं, आणि खरा म्हणून दिलेला कागद खोटा होता. आपांना खोट्याने वाचवलं नाही. आमच्या चुकीवर त्या गोळ्यांनी मात केली, इतकंच.

आता तुझ्या निरोपाविषयी. "मुकाशच्या कागदावर अल्सर लिही. आईसारखा माझा नवराही वाचेल." त्याच्या तुकड्यावरही मी तेच सगळे रंग चढवले, देवाशपथ, आशेने चढवले. तिथे ती गाठ नाही. कर्करोगच आहे. पण पेशींनी अजून ग्रंथींची घडण सोडलेली नाही, म्हणजे त्या फार बेफाम झालेल्या नाहीत, आणि स्कॅनमध्ये रोग जठराबाहेर गेलेला दिसत नाही. आत्ता कापून काढला तर मुकाशला बरीच वर्षं मिळू शकतील. अल्सर लिहिला तर तो गोळ्या खाईल, तुझ्यावर खूश राहील आणि मरेल. दात काढायचा म्हटलं तरी डोंगरावर पळणारा माणूस अल्सरसाठी पोट चिरून घेणार आहे होय? म्हणून या वेळी कागद एकच आहे. याच पाकिटात, मुकाशच्या नावाचा, खऱ्या रोगाचा. त्याच्याजवळ बसून तूच वाचून दाखव. निरोप आणणारा सांगत होता, की तुझ्या दिरांनी अंगणात एक घोडी वेगळी बांधली आहे. तिला सोड, खोगीर घाल आणि मुकाशला तिच्यावर बसवून सोमवारी माझ्याकडे घेऊन ये. बिश्केकचे सर्जन त्या दिवशी येणार आहेत.

तुझीच,
बुरुल